कब्रस्तानाचा कागद कुठे आहे?

तुमच्या गावच्या कब्रस्तानाचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर तुम्हाला माहीत आहे का?

हा प्रश्न मी गेल्या काही महिन्यांत बऱ्याच मित्रांना विचारला. सगळे शिकलेले. कुणी माझ्यासारखे सॉफ्टवेअरमध्ये, कुणी बँकेत, एक तर जमीन खरेदी-विक्रीच्या धंद्यातच. एकालाही सांगता आला नाही. दादाजानची कबर कुठे आहे ते सगळ्यांना माहीत. कडुलिंबापासून तिसरी, नाहीतर मागच्या भिंतीला लागून. हेच मित्र फ्लॅट घेताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढल्याशिवाय बिल्डरला टोकन देत नाहीत. ज्या जमिनीवर शेवटी आपण सगळे जाणार, तिचा कागद मात्र कुणी पाहिलेला नाही. "ट्रस्टींकडे असेल," एवढंच उत्तर. ट्रस्टींना विचारलं तर ते म्हणतात, "वाडवडिलांपासून आहे, कागद कशाला?"

'वाडवडिलांपासून आहे' हे उत्तर शंभर वर्षांहून जास्त काळ कोर्टातही चालत होतं. आता ते पुरणार नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. मुलतानमधल्या एका कब्रस्तानालगतच्या जमिनीचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९१२ सालचा निकाल. ही जमीन कुणी, कधी, कोणत्या दस्ताने वक्फ केली याचा कागद नव्हता. कौन्सिलने ठरवलं की मुसलमान समाज ती जागा पूर्वापार दफनासाठी वापरत आला आहे, तेव्हा दस्त असो वा नसो, त्या वापरामुळेच ती वक्फ आहे. आज वर्तमानपत्रांत 'वक्फ बाय यूजर' म्हणून जो शब्द येतो त्याच्या मागचा हा एक महत्त्वाचा निकाल. गंमत अशी की हा दिलासा इंग्रजी राजवटीतल्या न्यायाधीशांनी दिला, ज्या राजवटीने आपल्याकडे मोजणीची साखळी आणि सर्व्हे नंबर आणले. कागदावर सगळ्यात जास्त विश्वास असलेल्या राज्याने मान्य केलं की गरिबांच्या कबरींना कागद नसतो.

आणि त्याच राज्याच्या महसुली कागदात कब्रस्तानाला एक कोपरा मिळाला. सातबारावर 'पोटखराबा' नावाची नोंद असते ती शेतकरी घरातल्या सगळ्यांनी पाहिली असेल. त्यात वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, नापीक वगैरे. वर्ग 'ब' म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली म्हणून आकारणी न केलेली जमीन: रस्ता, पाणवठा, स्मशान, दफनभूमी. म्हणजे गावातल्या एखाद्या कब्रस्तानाची सरकारदरबारी ओळख फक्त 'पोटखराबा ब' एवढीच असू शकते. हे दोन शब्द कुणी वाचलेच नाहीत तर पुढच्या पिढीला ती पडीक जमीन दिसते आणि मग तिथे व्यायामशाळा, समाजमंदिर किंवा पार्किंग सुचायला वेळ लागत नाही.

२०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने 'वापरातून वक्फ' ही तरतूद पुढच्यासाठी काढून टाकली. आधी नोंदलेल्या जागा तशाच राहतील, पण ज्या वादात आहेत किंवा सरकारी मालकीच्या ठरतात त्यांना हे संरक्षण नाही. १५ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेशात कायद्याच्या काही तरतुदी थांबवल्या, ही तरतूद थांबवली नाही. आधीच ६ जूनला 'उम्मीद' पोर्टल सुरू झालं होतं. नोंदलेल्या वक्फ मिळकतींची माहिती सहा महिन्यांत त्यावर चढवायची होती. ती मुदत डिसेंबरमध्ये संपली. या कायद्याबद्दल माझं मत काय ते उघड आहे: ज्या समाजाकडे कागद कमी, त्याच्याकडून अचानक जास्त कागद मागणं हा न्याय नाही. विरोध केलाच पाहिजे आणि तो कोर्टात चालूही आहे. पण विरोधाचा अर्ज लिहायलाही जोडपत्र लागतं. सर्व्हे नंबरशिवाय वकीलसुद्धा काही करू शकत नाही.

शहरातल्या कब्रस्तानांचं काय होतं ते पाहायचं तर मुंबईचं उदाहरण घ्यावं लागतं. मुंबईच्या जुन्या मराठीत मसणवट्याला 'सोनापूर' म्हणत. माणूस गेला की सोनापूरला पोचवला. मरीन लाइन्स-चंदनवाडीचा तो पट्टा. एका अंगाला हिंदूंचं स्मशान, जवळच मुसलमानांचं बडा कब्रस्तान, आणि एके काळी युरोपियनांची दफनभूमीसुद्धा तिथेच. तेव्हा हा शहराचा शेवट होता, पलीकडे बॅक बेचं पाणी. मग रेल्वे आली, भराव पडला, शहर वाढलं आणि शहराचा शेवट शहराच्या मध्यात आला. जमिनीला सोन्याचा भाव येणं म्हणजे काय ते सोनापूरने शब्दशः पाहिलं.

त्या काळात लंडनमध्येही शहरातल्या जुन्या दफनभूम्या बंद करून बाहेर हलवण्याचे कायदे झाले होते. मुंबईत युरोपियनांची दफनभूमी १८६० च्या दशकात शिवडीला गेली, एका बागेच्या जागेवर. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात स्मशान-दफनभूमींची नोंद, नव्या जागेला परवानगी आणि आरोग्याला धोका वाटल्यास जुनी जागा बंद करण्याचे अधिकार लिहिले गेले. बडा कब्रस्तान मात्र जागचं हललं नाही. का? माझ्या समजुतीप्रमाणे मुख्य कारण हे की त्याच्यामागे एक जमलेली संस्था होती: जामा मशिदीचा ट्रस्ट, ज्याचा इतिहास कोकणी मुसलमानांशी जोडलेला आहे. म्हणजे आपल्यासारखंच घरात एक आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या लोकांशी. हिशोब ठेवणारी, भाडं वसूल करणारी, गरज पडली तर कोर्टात उभी राहणारी संस्था. १९८१ साली नर्गिस तिथे दफन झाली, २००४ साली सुरैय्या. पण बाहेरच्या लोकांना हे कब्रस्तान आठवलं ते २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, याकूब मेमनच्या कबरीभोवतीच्या संगमरवरावरून आणि दिव्यांवरून वाद पेटला तेव्हा. इतक्या वर्षांच्या सामान्य माणसांच्या कबरी एका कबरीच्या मागे झाकून गेल्या. आपण आपला इतिहास सांगितला नाही तर दुसरा कुणीतरी त्यातलं एक पान फाडून दाखवतो.

संस्था आणि कागद असला की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण वांद्र्याचं. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेचं परिपत्रक निघालं: कोरोनाने गेलेल्यांचे मृतदेह, धर्म कोणताही असो, जाळायचे, दफनच करायचं असेल तर मुंबईच्या हद्दीबाहेर न्या. त्या रात्री आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर काय चाललं होतं ते तुम्हाला आठवत असेल. परिपत्रक त्याच दिवशी बदललं गेलं. मग ९ एप्रिलला पालिकेने कोरोना-दफनासाठी वीस जागांची यादी काढली. त्यात वांद्र्याची तीन कब्रस्तानं होती, कोकणी मुस्लिम कब्रस्तान त्यातलंच एक. आसपासच्या काही रहिवाशांनी मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं की यातून संसर्ग पसरेल. प्रकरण एकदा सुप्रीम कोर्टात जाऊन परत आलं. २२ मे २०२० ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळल्या. दफनाने कोरोना पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि सन्मानाने अंत्यविधी होणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने सांगितलं. भीतीच्या त्या दिवसांत हे वाक्य किती लोकांच्या कामाला आलं असेल. पण त्या तीन जागा पालिकेच्या यादीत येऊ शकल्या कारण त्या नोंदलेल्या होत्या. ज्या कब्रस्तानाची नोंदच नाही, ते कोणत्या यादीत येणार?

आता कोल्हापूरकडे येतो. खरं तर फ्लॉरेन्समार्गे येतो.

आपले छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघं वीस. सोबतच्या मंडळींना हिंदू रीतीने दहन करायचं होतं. त्या शहरात दहनाची चालच नव्हती, मुभाही नव्हती. खास परवानगी मिळवावी लागली. दहन झालं ते शहराबाहेर, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, कारण आपल्याकडे ते संगमावर व्हावं असं मानतात. १८७४ साली तिथे छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. त्या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी आपला न्यू पॅलेस आणि टाऊन हॉल रेखाटला तेच. आजही तिथल्या पुलाला लोक 'इंडियानो' म्हणतात.

ही गोष्ट मला फार जवळची वाटते, आणि ती फक्त कोल्हापूरकर म्हणून नाही. परक्या गावात, जिथे आपली रीत कुणाला माहीत नाही, तिथे एका माणसाला त्याच्या रीतीने निरोप देता यावा म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी नियम बाजूला ठेवला. बहुसंख्याकांचं मोठेपण मोजायचं असेल तर ते इथे मोजावं: ते दुसऱ्याच्या मयतीला वाट देतात का? ज्यांना आपल्या राजाच्या त्या छत्रीचा अभिमान आहे, आणि तो सगळ्या कोल्हापूरला आहे, त्यांच्याशी कब्रस्तानाबद्दल बोलताना मी इथूनच सुरुवात करतो. लगेच पटतं. वक्फचं कलम सांगून पटत नाही.

एक उलटं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर कागदाने सगळं होतं असा समज होईल. इंग्लंडमध्ये वोकिंगजवळ हॉर्सेल कॉमनवर पहिल्या महायुद्धातल्या हिंदी मुसलमान सैनिकांसाठी खास दफनभूमी बांधली गेली. जर्मनांचा प्रचार चालू होता की इंग्रज मुसलमान शिपायांना धड मूठमातीही देत नाहीत. त्याला उत्तर म्हणून घुमटाचं प्रवेशद्वार, विटांची सुंदर भिंत, १९१७ पर्यंत सगळं तयार. कागद सरकारी, जागा सरकारी, पैसा सरकारी. पण तिथे फातिहा पढायला येणारं घर जवळ नव्हतं. भिंत फुटत गेली, नासधूस झाली आणि १९६८ साली ती सगळी शवं ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत हलवावी लागली. २०१५ साली त्या जागेची दुरुस्ती होऊन तिथे शांतता उद्यान झालं. कबरी मात्र परत आल्या नाहीत. त्या काळी आपल्या मराठा पलटणींतसुद्धा दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या असत. असे किती शिपाई कुठल्या मातीत गेले, त्यांच्या घरच्यांना किती काळ पत्ता नव्हता, हा वेगळाच विषय आहे.

तर कागद हवा आणि माणसंही हवीत. माणसं आपल्याकडे आहेत. शब-ए-बारातला कोल्हापुरातलं कुठलंही कब्रस्तान पाहा, बागल चौकाचं पाहा. मालेगावच्या बडा कब्रस्तानात ८ सप्टेंबर २००६ ला, शुक्रवारी, शब-ए-बारातच्याच दिवशी स्फोट झाले, तीसहून जास्त माणसं गेली, आणि मग ज्या नऊ मुसलमान तरुणांना पकडलं ते २०१६ साली विशेष न्यायालयातून आरोपमुक्त झाले. तरीही तिथल्या लोकांनी कब्रस्तानात जाणं सोडलं नाही. माणसांची उणीव नाही. उणीव आहे ती वहीची.

गेल्या रमजानआधी मी एका कब्रस्तानाच्या रखवालदार चाचांना विचारलं, दफन रजिस्टर कुठे आहे. ते म्हणाले, "बेटा, रजिस्टर क्या, सब मुझे याद है." आणि खरंच त्यांना याद होतं. कुठल्या ओळीत कोण, कुणाची कबर कुणावर. बारगीर, मुजावर, अत्तार, शिकलगार, पटवेगार, नदाफ, सगळी घराणी तोंडपाठ. चाचांचं वय सत्तरीच्या पुढे. आमच्या धंद्यात याला म्हणतात एकाच सर्व्हरवर सगळा डेटा, बॅकअप नाही.

हे रजिस्टर कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १० प्रमाणे दफनभूमीची देखभाल करणाऱ्याने तिथे आलेल्या मयतीची खबर निबंधकाला द्यायची असते. म्हणजे वही ठेवणं हे कायद्याचंच काम आहे आणि ती वही पन्नास वर्षांची असेल तर 'ही जागा अखंड वापरात आहे' याचा तिच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

इथे आपल्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे. बाहेरच्या अतिक्रमणावर आपण मोर्चे काढतो, पण कब्रस्तानाच्या भिंतीला टेकून आपल्याच माणसाने नाममात्र भाड्यात घेतलेला गाळा आपल्याला दिसत नाही. अमुक जमातीचीच मयत इथे येईल, तमुक बिरादरीने आपलं बघावं, हे मी कानाने ऐकलंय. आणि पक्क्या कबरी. कबर चुन्या-विटांनी बांधू नये हे हदीसमध्ये आहे, हे आपल्या सगळ्यांना मदरशापासून माहीत. तरी ज्याच्याकडे पैसा त्याची कबर ग्रॅनाइटची, आणि ती जागा कायमची अडली. मुंबईत जुहूच्या कब्रस्तानात जागा उरली नाही म्हणून २०१० च्या सुमाराला मधुबाला, मोहम्मद रफी यांच्यासारख्यांच्या बांधलेल्या कबरी काढल्या गेल्या. रफीसाहेबांचे चाहते आता जवळच्या नारळाच्या झाडावरून जागा ओळखतात. बऱ्याच जणांना तेव्हा वाईट वाटलं. मला नाही वाटलं. माती पुन्हा मातीच्या कामाला येणं हीच आपली जुनी रीत आहे आणि देह माती झाल्यावर त्याच जागी दुसरं दफन करायला फिकहची मनाई नाही. रफीसाहेबांना संगमरवराची गरज कधीच नव्हती. वाईट एवढंच की कबर काढताना नाव, तारीख, जागा वहीत उतरवून घेतली जात नाही. कबर गेली तरी चालेल, नोंद जाता कामा नये.

काही मित्र म्हणतात, चला अॅप बनवू. मी अॅप बनवूनच पोट भरतो, म्हणून सांगतो, आत्ता अॅप नको. आधी एक साधी एक्सेल शीट. मयताचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मूळ गाव, तारीख इंग्रजी आणि हिजरी दोन्ही, ओळ क्रमांक, कबरीवर पाटी असेल तर तिचा फोटो. नाव देवनागरीत आणि पाटीवर जसं आहे तसं, उर्दू असेल तर उर्दूत. एकच शेख चार प्रकारे लिहिला जातो. तो 'दुरुस्त' करायला जाऊ नका, जसा आहे तसा उतरवा. मृत्यूचं कारण, फोन नंबर, घरचा पत्ता यातलं काही शीटमध्ये नको. आणि ही शीट ट्रस्टकडे, मशिदीत आणि आणखी एका घरात, अशी तीन ठिकाणी ठेवा. बायकांना या कामातून वगळू नका. कुणाचं माहेर कुठलं, कोण कुणाची सावत्र आई, कोणतं मूल कुठल्या साथीत गेलं, हे घरातल्या म्हाताऱ्या बायांनाच ठाऊक असतं. ते विचारायला कब्रस्तानात जावं लागत नाही, स्वयंपाकघरात बसावं लागतं.

जमिनीचं काम त्याच्या जोडीला. शहरात असाल तर सिटी सर्व्हे कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणीचा नकाशा. गावात असाल तर तलाठ्याकडून सातबारा आणि त्यावर दिसणारे सगळे जुने फेरफार. विकास आराखड्यात त्या जागेवर काय आरक्षण दाखवलंय ते पाहायला विसरू नका, कारण गडबड बहुतेक तिथेच होते. वक्फ यादीच्या राजपत्रात नाव आहे का, क्षेत्र किती लिहिलंय, आणि तेवढं क्षेत्र प्रत्यक्ष भिंतीच्या आत आहे का, हे तीन आकडे एका कागदावर मांडा. ते जुळत नसतील तर सगळ्यात आधी ते ट्रस्टींना दाखवा, फेसबुकवर नाही.

कोल्हापूरकरांना एक जास्तीची वाट आहे. आपलं संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचे हुकूम, इनामाचे कागद, जागांचे अर्ज-फैसले ब्रिटिश इलाख्याच्या दप्तरात नाहीत, करवीर दरबारच्या दप्तरात आहेत. ज्या दरबारात १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि मुस्लिम बोर्डिंगला जागा मिळाली, त्या दरबाराने कब्रस्तानांबद्दल काहीच लिहिलं नसेल असं मानायला मी तयार नाही. हे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात पाहायला मिळतं. अर्ज करावा लागतो, ओळखपत्र लागतं, धीर लागतो. बरेचसे कागद मोडीत आहेत, म्हणून आमच्या गटातले तिघं सध्या मोडी शिकताहेत. त्यातली एक मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आम्हा इंजिनिअरांपेक्षा बरीच पुढे आहे. या उन्हाळ्यात आम्ही पहिला रुमाल सोडणार आहोत.